अपरिहार्य कारणांमुळे

आमच्या लोहाऱ्यात फुटबॉलचा क्लब नाही. कबड्डी आहे, कुस्तीची हौस आहे, आणि रबरी चेंडूचे क्रिकेट तर सुगी उरकलेल्या कोणत्याही रानात चालते. परंतु फुटबॉल म्हटला की मला शाळेच्या कपाटातला, हवा गेलेला, एका बाजूस शिवण उसवलेला चेंडूच आठवतो. तेव्हा अशा गावात बसून फुटबॉल-क्लबाच्या इतिहासलेखनावर टीका करण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे एखाद्या वाचकाने विचारले तर ते रास्तच होईल. माझे उत्तर एवढेच, की ऐन तारुण्याची चार वर्षे मी कोल्हापुरात काढली आहेत. आणि ज्याने कोल्हापुरात चार वर्षे काढली त्याला फुटबॉल टाळू म्हटले तरी टळत नाही.

निमित्त झाले ते एका इंग्रजी पुस्तकाचे. गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतणीने फराळाच्या डब्याशेजारी ते ठेवले आणि म्हणाली, "काका, कोल्हापूरच्या फुटबॉलचं इतकं सांगत असता, आता हे वाचा." जो मॅकगिनिस या अमेरिकन लेखकाचे 'द मिरॅकल ऑफ कास्तेल दी सांग्रो' हे ते पुस्तक. १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी ते हाती घेतले. पाडव्याला ओवाळणीसाठी आमच्या घरातून दोनदा हाका आल्या, तिसऱ्यांदा हाक न येता मंडळी स्वतःच तबक घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली, यावरून पुस्तकाच्या पकडीची वाचकांस कल्पना यावी. भाऊबीजेला ते संपले, आणि संपल्यावर मात्र मला त्याचा रागही आला.

कास्तेल दी सांग्रो हे इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतातले, डोंगरात दडलेले, पाचसहा हजार वस्तीचे गाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ते जवळजवळ बेचिराख झाले होते. ते ज्या लाक्विला जिल्ह्यात येते तो भूकंपाचा मुलूख; २००९ च्या एप्रिलमधल्या भूकंपाने खुद्द लाक्विला शहराची काय दशा केली ते जगाने पाहिले. आमच्या भागात सास्तूर-किल्लारीकडच्या माणसाला विचारा, तो कोणत्याही गोष्टीचा काळ '१९९३ च्या आधी' की 'नंतर' असा सांगेल. तेव्हा या गावाशी माझी ओळख पहिल्या पानातच पटली. अशा या एवढ्याशा गावाचा क्लब खालच्या पायरीवरून एकेक इयत्ता चढत १९९६ साली इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, सेरी बी मध्ये, जाऊन पोचला. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या शाळेचा संघ रणजी सामने खेळू लागावा, तशीच ही गोष्ट.

त्या चढाईतला शेवटचा सामना आस्कोलीशी होता. जादा वेळ संपत आला, बरोबरी सुटेना, आता टायब्रेकर होणार हे दिसू लागले, तेव्हा प्रशिक्षक याकोनी यांनी आपला गोलकीपर बाहेर काढला आणि पिएत्रो स्पिनोसा नावाच्या राखीव माणसाला उभे केले. हा गृहस्थ हंगामभर एक मिनिटही खेळला नव्हता. त्याने शेवटची निर्णायक किक अडवली! एखाद्या कादंबरीकाराने असा प्रसंग रचला असता तर आम्ही टीकाकारांनी त्याला 'योगायोगाचा आश्रय घेतला' म्हणून झोडपून काढले असते.

मॅकगिनिस या गावात गेला तो या चमत्कारानंतर. १९९४ साली विश्वचषक अमेरिकेत झाला, तेव्हापासून त्याला या खेळाचे वेड लागले होते. सिम्प्सन खटल्यावर पुस्तक लिहायचे म्हणून घेतलेली मोठी आगाऊ रक्कम त्याने परत केली, आणि १९९६-९७ चा सबंध हंगाम या गावात काढला. खेळाडूंबरोबर जेवला, त्यांच्या बसमधून हिंडला, मोडकीतोडकी इटालियन शिकला. गावाचे स्वतःचे मैदान तेव्हा दुसऱ्या श्रेणीला लायक झालेले नव्हते, म्हणून 'घरचे' सामनेसुद्धा सुरुवातीला परगावी होत, ही गोष्ट तो फार मजेने सांगतो. त्याच डिसेंबरात संघातले दोन तरुण, दी विंचेन्झो आणि बियोंदी, मोटार-अपघातात गेले. माझ्या मते ही पाने पुस्तकातली सर्वोत्तम पाने आहेत. गाव शोक कसा करते, संघ दुसऱ्या दिवशी सरावाला कसा उभा राहतो, हे लिहिताना लेखक स्वतः मागे सरतो. उरलेल्या पुस्तकात तो क्वचितच मागे सरतो, हेच तर माझे मुख्य गाऱ्हाणे.

पुस्तकाच्या मध्यापासून हा पाहुणा घरच्यांना स्वयंपाक शिकवू लागतो. याला खेळवा, त्याला बसवा, बचाव सोडा, चढाई करा, असे याकोनींना सांगत सुटतो. ज्या माणसाने हा संघ वर आणला त्याला हे ऐकवावे, आणि वर त्याच्या कंटाळ्याची नोंद पुस्तकात करावी, हा भोळेपणा की उर्मटपणा हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. आणि शेवट! हंगामाचा अखेरचा सामना बारीशी. बारीला वरच्या श्रेणीत जाण्यासाठी विजय हवा. कास्तेलचे दुसऱ्या श्रेणीतले स्थान तोवर पक्के झालेले. कास्तेल ३–१ असे हरले. हा सामना आपल्या लाडक्या खेळाडूंनी मुद्दाम सोडला, असा मॅकगिनिसचा आरोप आहे. तो संतापतो, त्यांना विश्वासघातकी म्हणतो, आणि सारे पुस्तक त्या संतापात बुडवून निघून जातो. वर्षभर ज्यांच्या ताटात जेवला त्यांच्याविषयीचा अखेरचा शब्द हा असा. गावाने आपल्या स्वप्नाबरहुकूम वागले पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे. चमत्कार दाखवायला म्हणून ज्यांना वर चढवले, त्यांनी माणसांसारखे वागताच तो त्यांना खाली ढकलतो.

मला राग आला तो याचा. परंतु राग ओसरल्यावर जे सुचले ते अधिक अडचणीचे होते, आणि ते सांगण्यासाठी मला कोल्हापुरात शिरले पाहिजे.

माझे मामा तिथे गुळाच्या अडतीत दिवाणजी होते. त्यांच्या एका पेठेतल्या दोन खोल्यांत मी कॉलेजसाठी येऊन राहिलो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलाने विचारले, "तू कुणाचा?" मी वडिलांचे नाव सांगितले. तो हसून म्हणाला, "तसं न्हवं, तालीम कुठली?" लोहाऱ्यात तालीम म्हणजे कुस्तीची जागा, मी म्हटले, मी कुस्ती खेळत नाही. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती मी अद्याप विसरलेलो नाही.

कोल्हापूरची तालीम हीही मुळात कुस्तीचीच. तांबड्या मातीचा हौद, मारुती, शाहू महाराजांचा आश्रय, १९१२ साली बांधून झालेले खासबाग मैदान, हा सारा वारसा तिच्यामागे आहे. पण याच तालमी पुढे पेठेच्या गणपतीच्या, शिवजयंतीच्या, आणि फुटबॉलच्या झाल्या. नुसती नावे ऐका. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, जुना बुधवार, शिवाजी तरुण मंडळ. एका संघाचे नाव तर 'उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम' असे आहे! महादेव, भजन, वाघ आणि कुस्ती एका दमात, आणि खेळतात फुटबॉल. या मेळ्यात प्रॅक्टिस क्लब हे साहेबी नाव कोल्हापुरी उच्चारात इतके मुरले आहे की त्याचे परकेपण कुणाला जाणवतही नाही. पाटाकडील म्हणजे पाण्याच्या पाटाकडची. कधीकाळी तिथून पाणी वाहत असणार, म्हणून हे नाव. आज ते हजारो माणसे स्टेडियमात कंठ फुटेस्तोवर ओरडतात.

या सर्वांना एका सूत्रात ओवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० साली स्थापन झाली. आज तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमात सामन्यामागून सामने होतात. लीग होते, महापौर चषक होतो, आणि पुढाऱ्यांच्या नावाचे चषक होतात. (पुढाऱ्यांनी पुतळ्यांऐवजी चषकांवर नावे घातली तर माझी तक्रार नाही, चषक निदान दरवर्षी हलतो.) गॅलरीत माणसे पेठेपेठेने बसतात. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी तर चौकाचौकांत मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांची दुमजली चित्रे उभी राहिली होती. अलीकडच्या काही हंगामांत आफ्रिकेतून आलेले खेळाडूही पेठांच्या संघांतून खेळून गेले. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, होता.

पुढे हाच अनिकेत २०२१-२२ च्या हंगामात हैदराबादच्या संघातून खेळला, याचे मला विशेष वाटले. त्याचे कारण आमच्या मुलखाच्या इतिहासात आहे. उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव, १९५६ पर्यंत हैदराबादकडे होता. फुटबॉल ही वस्तू आमच्या वडीलधाऱ्यांच्या कानी आली असेल तर ती हैदराबाद सिटी पोलीस या नावाने. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. त्याचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांनीच भारतीय संघाला १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदके मिळवून दिली, आणि मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानावर नेले. १९६३ साली रहीम गेले. तो संघ एका खात्याचा होता आणि एका गुरूचा होता. खाते आणि गुरू यांच्या आधारावर जे उभे राहते ते त्यांच्याबरोबर ओसरते. कास्तेलचेही तसेच. गावाचा क्लब म्हणून जगाने टाळ्या वाजवल्या, तरी पैसा एका धनिकाचा होता. पुढच्याच हंगामात संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि काही वर्षांनी क्लबच मोडला. कोल्हापूरचे संघ मोडत नाहीत, कारण त्यांचा मालकच कोणी नाही. वर्गणीची पावती फाडणारा हॉटेलवाला, बूट घेऊन देणारा सराफ, सामन्याच्या दिवशी दुकान लवकर बंद करणारा न्हावी, हे त्याचे धनी. अशांना दिवाळे काढता येत नाही.

मग या अस्सल, सात-आठ दशके टिकलेल्या गोष्टीचे पुस्तक कुठे आहे? माझ्या कपाटात कोल्हापूरच्या फुटबॉलचे म्हणून जे वाङ्मय आहे ते दोन प्रकारचे. एक, वर्तमानपत्रांची कात्रणे. दुसरे, मंडळांच्या स्मरणिका. स्मरणिका हा आपल्याकडचा एक अजब ग्रंथप्रकार आहे, आणि त्याची टीका कोणी केलेली माझ्या वाचनात नाही, म्हणून थोडे लिहितो. आरंभी मान्यवरांचे शुभेच्छासंदेश, सर्वांचे फोटो सारख्या आकाराचे, न पेक्षा भांडण. मग 'गौरवशाली परंपरा' या मथळ्याखाली लेख. त्यात प्रत्येक खेळाडू 'चपळ', प्रत्येक कार्यकर्ता 'निःस्वार्थी', प्रत्येक विजय 'दैदीप्यमान', आणि पराभव? पराभव नाहीतच. मध्ये कुठेतरी जाहिराती: सायकलमार्ट, गॅस एजन्सी, मटणाचे हॉटेल. गंमत अशी की या जाहिरातींतच खरा इतिहास जास्त सापडतो. कोणत्या वर्षी कुणी किती मोठी जाहिरात दिली यावरून पेठेत पैसा कुठून कुठे सरकला हे कळते. लेखांतून ते कळत नाही.

आणि या सर्व लेखांत एक वाक्य हटकून येते: 'त्या वर्षी काही अपरिहार्य कारणांमुळे स्पर्धा पूर्ण होऊ शकली नाही.' कोल्हापूरकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मैदानात धक्काबुक्की झाली, गॅलरीतून दगड आले, पोलिसांनी लाठ्या उगारल्या, रात्री पेठेच्या तोंडाशी तणाव राहिला. सकाळचे वर्तमानपत्र याला 'हुल्लडबाजी' म्हणते आणि त्यापलीकडे पाहत नाही. स्मरणिका 'अपरिहार्य कारणे' म्हणते आणि त्याच्या आत पाहू देत नाही.

हे वाक्य मीही लिहिले आहे. मी राहत असे त्या पेठेच्या मंडळाने पंधरा-सोळा वर्षांपूर्वी स्मरणिका काढली, आणि 'आमचे गुरुजी' म्हणून माझ्याकडून लेख मागवला. मंडळाचे नाव मी इथे घेत नाही. घडले त्यात त्यांचे काही विशेष नाही, माझे आहे. लेखात मी सारे खुलवून लिहिले. पावसात झालेला सामना, चिखलात हरवलेला बूट, जिंकल्यावर निघालेली मिरवणूक. पण ज्या एका सामन्याला मी गॅलरीत होतो आणि जो अर्ध्यावर थांबला, तिथे येऊन माझी लेखणी अडखळली. त्या दिवशी कुठल्या बाजूने आला कोण जाणे, एक दगड अण्णांच्या कपाळावर बसला. अण्णा म्हणजे संघाचे कपडे धुणारे. प्रत्येक सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अकरा सदऱ्यांची इस्त्री केलेली चळत ते तालमीत मारुतीपुढे आणून ठेवीत, आणि त्याचे पैसे घेत नसत. मी माझा रुमाल त्यांच्या कपाळाला बांधला. रिक्षातून दवाखान्यात नेताना ते एकच विचारत होते, "सामना सुरू झाला काय परत?" डोळा वाचला, दृष्टी गेली. त्यानंतर ते स्टेडियमात आले नाहीत. कपडे मात्र येत राहिले.

हे लिहायचे तर दगड लिहावा लागत होता. दगड लिहिला तर कुणाचा, हा प्रश्न येत होता. म्हणून मी ते वाक्य लिहिले, आणि त्या वाक्यात दगडाबरोबर अण्णाही गेले. सबंध लेखात त्यांचे नाव नाही.

पुढे एका लग्नाला कोल्हापूरला गेलो असता अण्णांचा मुलगा भेटला. वडील जाऊन वर्ष झाले होते. त्याने चहा पाजला, इकडचे तिकडचे बोलला, आणि उठताना म्हणाला, "गुरुजी, बुक वाचलं. लई भारी लिवलंय. फक्त आमच्या अण्णाचं नाव कुठल्या पानावर हाय तेवढं घावलं न्हाई." तो टोमणा नव्हता. एखादे पान आपल्याकडून उलटायचे राहिले असेल अशा समजुतीने तो विचारत होता. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. काही दिले असेन असे वाटत नाही.

मॅकगिनिसवरचा माझा राग तेव्हापासूनचा मागे टाकलेला काही हिशेब आठवल्यामुळे उतरला, हे कबूल केले पाहिजे. त्याने पाहुणा असून यजमानांची लाज वेशीवर टांगली. हा दोष मी मागे घेत नाही. त्याच्या संतापात प्रेमापेक्षा अपेक्षाभंग अधिक आहे, हेही खरे. पण त्याच्या पुस्तकात दी विंचेन्झो आणि बियोंदी आहेत. बारीचा सामना आहे. स्पिनोसाची किक जितकी स्पष्ट आहे तितकाच तो सामनाही आहे. कास्तेलच्या माणसांनी ते पुस्तक वाचून लेखकाला शिव्या घातल्या असतील, पण 'आमचे कुणी राहून गेले' असे त्यांना म्हणता येणार नाही. कोल्हापूरच्या इतिहासकाराला या दोन्हींच्या मधली एखादी जागा शोधावी लागेल. तो पेठेतलाच हवा, कारण बाहेरच्याला अण्णा दिसणारच नाहीत, त्याला दगड दिसेल. आणि तरी सामना कुठे थांबला, कोण जखमी झाला, दुसऱ्या दिवशी दोन्ही तालमींतल्या कुणी कुणाच्या घरी जाऊन चौकशी केली (अशा चौकश्या होत, मी पाहिल्या आहेत), हे सारे त्याने नावानिशी लिहिले पाहिजे. गौरव कमी होईल ही भीती व्यर्थ आहे. ज्या खेळापायी एक माणूस डोळा गमावून पुन्हा सदरे धुतो, त्याचा गौरव वेगळा काय करायचा?

यंदा श्रावणात त्याच मंडळाच्या सेक्रेटरींचे पत्र आले. नवी स्मरणिका निघते आहे, गुरुजींचा जुना लेख पुन्हा छापायचा आहे, परवानगी असावी. मी परवानगी दिली आणि सोबत लेखाची सुधारलेली प्रत पाठवली. 'अपरिहार्य कारणांमुळे' हे वाक्य काढून त्या जागी एक परिच्छेद घातला आहे. त्यात दगड आहे, रुमाल आहे, इस्त्रीचे सदरे आहेत, आणि अण्णांचे पूर्ण नाव आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते आधी तिथे छापून यायला हवे.

आठ दिवसांनी सेक्रेटरींचा फोन आला. तरुण पोर आहे, नम्र आहे. "गुरुजी, मजकूर वाचला सगळ्यांनी," एवढे बोलून तो थोडा थांबला. मग म्हणाला, "पण पान वाढतंय ओ. एखादा फोटो कमी करावा लागंल."

मी म्हटले, "माझाच काढा."

अंक अजून निघायचा आहे.